वर बर्फ, खाली कोमट: दर पंधरा दिवसांनी परतणारा फ्रीजचा बिघाड

लक्षणं

वरच्या फ्रीझरमध्ये बर्फाचे खडे होतात, पण खाली ठेवलेलं दूध दुसऱ्याच दिवशी नासतं. खालच्या कप्प्यातली पाण्याची बाटली नळाच्या पाण्याहून जेमतेम गार लागते. दोन दारांच्या, वर फ्रीझर असलेल्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजची ही नेहमीची तक्रार. तिच्यासोबत पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी हटकून सापडतात:

- कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. पूर्वी अधूनमधून शांत होणारा फ्रीज आता दिवसरात्र गुणगुणत असतो.
- फ्रीझरच्या आतल्या मागच्या पॅनेलवर पांढरा थर दिसतो. कधी ते पॅनेल मधोमध पुढे फुगलेलंही असतं.
- फ्रीझरमधून पंख्याची खरखर किंवा टकटक ऐकू येते आणि दार उघडलं की ती बंद होते.
- भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचतं, किंवा फ्रीझरच्या तळाला काचेसारखी बर्फाची लादी धरते.
- फ्रीज एक दिवस बंद ठेवून पुन्हा लावला की आठ-पंधरा दिवस नव्यासारखा चालतो, आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

यातलं शेवटचं लक्षण सगळ्यांत मोलाचं. फ्रीज कधी बंद केला, कधी लावला आणि खालचा भाग पुन्हा कधी कोमट झाला, या तीन तारखा दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. निम्मं निदान त्या तारखाच करतात.

एकाच दाराचा, बर्फ वितळवायला वेगळं बटण असलेला फ्रीज असेल तर पुढचं बहुतेक लागू नाही. त्यात हवा खेळवणारा पंखाही नसतो आणि डीफ्रॉस्टचा, म्हणजे साचलेला बर्फ आपोआप वितळवणारा, हीटरही.

थंडी तयार होते वर, खाली ती नुसती वाटली जाते

हे एकदा डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक तपासणी आपोआप समजते. अशा फ्रीजमध्ये सहसा थंड करणारी कॉइल एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असते. तिच्या वर किंवा शेजारी एक छोटा पंखा. पंखा कॉइलमधून हवा ओढतो, तिचा मोठा भाग फ्रीझरमध्ये सोडतो आणि थोडी हवा एका नळीवाटे खाली पाठवतो. त्या वाटेवर हवेचं एक झाकण असतं, त्याला डॅम्पर म्हणतात. खालून गरम झालेली हवा दोन कप्प्यांमधल्या आडव्या भिंतीतल्या जाळीतून पुन्हा कॉइलकडे जाते. खालच्या भागात थंडी तयार करणारं असं काहीच नाही. हवा पोचली तर तो गार, नाही पोचली तर ते नुसतं कपाट.

आता बर्फाचं. दार उघडलं की दमट हवा आत येते आणि तिच्यातलं बाष्प सर्वांत थंड जागी, म्हणजे कॉइलवर, पांढऱ्या भुसभुशीत बर्फाच्या रूपात बसतं. तो काढायला फ्रीज ठरावीक वेळाने स्वतःच कूलिंग थांबवून कॉइलखालचा हीटर लावतो. जुन्या पद्धतीच्या टायमरमध्ये हे साधारण दर ६ ते १२ तासांनी, २०-३० मिनिटं चालतं. नव्या मॉडेल्समध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड वापर बघून वेळ ठरवतो. वितळलेलं पाणी कॉइलखालच्या पन्हळीत पडतं, तिथून नळीने खाली कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं.

या साखळीतला एक दुवा तुटला की बर्फ वितळत नाही. रोज थोडाथोडा साचत कॉइलच्या पातळ पट्ट्यांमधल्या फटी बुजतात आणि हवा आरपार जाईनाशी होते. फ्रीझर कॉइलला लागूनच असल्यामुळे बरेच दिवस तग धरतो. खालचा कप्पा मात्र लगेच उपाशी राहतो. एक दिवस फ्रीज बंद ठेवला की फटी मोकळ्या होतात, हवा सुरू होते, आणि बर्फ पुन्हा भरेपर्यंत सगळं आलबेल वाटतं.

म्हणूनच या लक्षणांवर ऐकू येणारं «गॅस संपलाय» हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो, तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झालाच तर कुठेतरी गळती असते, आणि गळलेला गॅस एक दिवस फ्रीज बंद ठेवून परत येत नाही. २४ तासांच्या विश्रांतीने जो फ्रीज दहा दिवस उत्तम चालतो, त्यात गॅस भरून घेणं म्हणजे दुखणं पायाला आणि मलम डोक्याला.

१. आधी तापमान मोजा

हाताने बघितलेलं तापमान फसवतं. साधा फ्रीजचा थर्मामीटर खालच्या भागाच्या मधल्या कप्प्यावर पाण्याच्या ग्लासात रात्रभर ठेवा. नुसत्या हवेचं तापमान दार उघडताच उड्या मारतं, पाण्याचं मारत नाही, म्हणून ग्लास. खाली ४ अंश सेल्सियसच्या आसपास हवं, त्याहून वर जायला नको. दुसरा थर्मामीटर फ्रीझरमध्ये गोठलेल्या पाकिटांच्या मधोमध ठेवा. तिथे उणे १८ अपेक्षित.

वर उणे १८ आणि खाली १० असेल, तर थंडी तयार होतेय, फक्त पोचत नाही. वर उणे ८ आणि खाली १४ असेल, तर एक तर कॉइल पुरती गोठली आहे किंवा कूलिंगच कमी पडतंय; या दोन्हींतला फरक आठव्या पायरीवर कळेल. दोन्ही कप्पे सारखेच गरम असतील तर हा लेख तुमच्या बिघाडाचा नाही.

दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. अनेक फ्रीजमध्ये तो तुम्ही मागितलेला आकडा असतो, आत असलेला नव्हे.

२. दोन नॉब, पण कॉम्प्रेसर एकच

साध्या मॉडेलमध्ये एक नॉब वर आणि एक खाली असतो, त्यामुळे दोन स्वतंत्र यंत्रं असल्यासारखं वाटतं. खरं तर त्यातला एकच कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. दुसरा फक्त डॅम्पर हलवतो, म्हणजे हवा वर किती आणि खाली किती एवढंच ठरवतो. अशा फ्रीजमध्ये फ्रीझरचा नॉब सर्वांत थंड खुणेवर नेला की खालची वाट अरुंद होते. लवकर बर्फ हवा म्हणून कुणीतरी नॉब फिरवलेला असतो आणि नंतर तो तसाच राहतो.

दोन्ही नॉब मधल्या खुणेवर आणा आणि पूर्ण २४ तास थांबा. तासातासाला फिरवत बसलात तर काहीच कळणार नाही.

३. हवेची वाट मोकळी आहे का

फ्रीझरच्या मागच्या पॅनेलवरच्या जाळ्या, खालच्या भागात मागे किंवा वरच्या बाजूला असलेली हवेची भोकं, आणि परतीची जाळी. या तिन्हींसमोर चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. फ्रीझरमध्ये मागे रेटून बसवलेला एखादा मोठा डबा एवढाच सगळा बिघाड असल्याचं पुष्कळदा निघतं. परतीची जाळी लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण ती खालच्या भागाच्या छतात असते आणि वरच्या कप्प्यावरची उंच भांडी तिला टेकतात.

आता टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी खालच्या हवेच्या भोकासमोर धरा आणि दाराचं बटण बोटाने दाबून ठेवा, म्हणजे फ्रीजला दार बंद वाटेल. वरच्या आणि खालच्या दाराला वेगवेगळी बटणं असतात. वरचं दार बंदच ठेवा. कॉम्प्रेसर चालू असताना पट्टी मागे झुकली पाहिजे. जरासुद्धा हलली नाही, तर पाच-दहा मिनिटांनी आणि मग तासाभराने पुन्हा बघा, कारण डीफ्रॉस्ट चालू असताना पंखा बंदच असतो आणि काही मॉडेल्समध्ये तो उशिरा सुरू होतो. तिन्ही वेळा पट्टी ढिम्म राहिली तर वाट, पंखा किंवा डॅम्पर यांपैकी काहीतरी अडलंय हे नक्की.

४. दाराचं रबर

रबर सैल असेल तर दमट हवा चोवीस तास आत शिरते. डीफ्रॉस्ट ठणठणीत असला तरी इतक्या बर्फाला तो पुरा पडत नाही. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. दर १५ सेंटिमीटरवर, चारही बाजूंनी, दोन्ही दारांना. पट्टी अडखळत यायला हवी. सहज निसटली तर तिथे फट आहे. बिजागरीकडची बाजू तपासायला विसरू नका, रबर चेमटतं ते तिथेच.

कोमट साबणाच्या पाण्याने रबराच्या घड्या पुसून घ्या. चिकट थर आणि कण निघाल्यावर अर्ध्याअधिक फटी आपसूक मिटतात. वाकडं झालेलं रबर हेअर ड्रायरच्या मंद हवेने थोडं गरम करून हाताने आकारात आणा, दार लावा आणि गार होऊ द्या. फाटलेलं असेल तर चिकटपट्टी लावून उपयोग नाही, रबर बदला. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवा, म्हणजे अर्धवट सोडलेलं दार आपलं आपण लागतं.

बर्फ कुठे आहे यावरूनही कळतं. दाराजवळ आणि पाकिटांवर बर्फ असेल तर संशय रबरावर. दाराजवळ कोरडं आणि मागच्या पॅनेलवर पांढरं असेल तर संशय डीफ्रॉस्टवर.

५. दिवा आणि बटण

दार उघडं ठेवून बटण दाबा. दिवा विझला पाहिजे. विझत नसेल तर दार लावल्यावरही तो आत जळत राहतो आणि कप्पा तापवतो. शिवाय पुष्कळ मॉडेल्समध्ये हेच बटण पंख्यालाही «दार बंद झालं» असं सांगतं, त्यामुळे बटण अडकलं की पंखा थांबलेलाच राहतो. बटण ही स्वस्त वस्तू आहे.

६. मागची जाळी, भिंतीपासूनचं अंतर

मागे काळी जाळी असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा. जाळी दिसत नसेल तर त्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात आणि बाजू गरम लागणं हे त्यांचं कामच आहे. माहितीपुस्तिकेत दिलंय तेवढं अंतर भिंतीपासून ठेवा. एक मात्र खरं, वर बर्फ आणि खाली कोमट हा प्रकार नुसत्या धुळीने सहसा होत नाही. त्यामुळे इथे फार वेळ घालवू नका.

७. २४ तास बंद: ही दुरुस्ती नाही, चाचणी आहे

फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जाड टॉवेल पसरा, आणि मागचा ट्रे भरून वाहतो का यावर अधूनमधून नजर ठेवा. चार-पाच तासांत समोरचा बर्फ जातो, पण पॅनेलआडच्या कॉइलच्या पोटातला राहतो. अर्धवट वितळलेला बर्फ पुन्हा गोठला की आधीपेक्षा घट्ट बसतो. म्हणून पूर्ण २४ तास. घाई असेल तर फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवून दार लावा आणि पाणी बदलत राहा. सुरी, स्क्रूड्रायव्हर, उचटणं यांपैकी काहीही बर्फात खुपसू नका. कॉइलची नळी अ‍ॅल्युमिनियमची आणि पातळ असते. एक भोक पडलं की किरकोळ खर्चाचं काम फ्रीजच्या किमतीशी स्पर्धा करू लागतं.

पुन्हा लावल्यावर दुसऱ्या दिवशी तापमान मोजा आणि तारीख लिहा. पुढे तीनपैकी एक होईल.

खाली छान गार झालं आणि आठ-पंधरा दिवसांत बिघाड परतला: डीफ्रॉस्टची साखळी तुटली आहे, दहाव्या पायरीपर्यंत जावं लागेल. काहीच फरक पडला नाही: बर्फ हे कारण नव्हतं, पंखा, डॅम्पर किंवा कूलिंग बघा. महिनोन्‌महिने उत्तम चालला: दार कधीतरी रात्रभर अर्धवट उघडं राहिलं असणार, काही बदलायची गरज नाही.

८. पॅनेल उघडून बर्फाचा नकाशा वाचा

सगळ्यांत जास्त माहिती इथे मिळते. मात्र हे बिघाड परतल्यावर, बर्फ जागेवर असतानाच करा. आधी वितळवलात तर पुरावा गेला. प्लग काढा. फ्रीझरमधले कप्पे, बर्फाचा ट्रे काढा. पॅनेलचे स्क्रू बहुधा प्लास्टिकच्या छोट्या टोप्यांखाली लपलेले असतात. स्क्रू निघाल्यावर पॅनेल खालून हलकेच पुढे ओढा. मागे पंख्याच्या किंवा सेन्सरच्या तारांची जोडणी असू शकते, ती तिच्यावरची खिट्टी दाबून सोडवा, तार धरून ओढू नका. पॅनेल बर्फाला चिकटलं असेल तर ताकद लावू नका. गोठलेलं प्लास्टिक काचेसारखं फुटतं. गरम पाण्यात पिळलेला कपडा पॅनेलवर फिरवा, सुटेल. पट्ट्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, जाड हातमोजे घाला.

आता नीट बघा, आणि काहीही करायच्या आधी फोटो काढा.

कॉइल वरपासून खालपर्यंत पांढऱ्या बर्फात बुडालेली, पट्ट्या दिसतच नाहीत: डीफ्रॉस्ट होत नाही. परतणाऱ्या बिघाडात बहुतेक वेळा हेच चित्र असतं.

कॉइलच्या एकाच टोकाला वीतभर भागावर बर्फाचा गोळा, बाकी नळ्या कोरड्या: गॅस कमी आहे. कॉइलच्या सुरुवातीलाच सगळा गॅस उडून जातो आणि पुढे थंड करायला काही उरत नाही. गळती आहे. इथेच थांबा.

कॉम्प्रेसर तासनतास चालूनही बर्फाचा मागमूस नाही: गॅस पूर्ण गेलेला, नळी चोंदलेली किंवा कॉम्प्रेसर दाब देत नाही. हेही तुमचं काम नाही.

सगळीकडे एकसारखा, पातळ, साखर भुरभुरल्यासारखा थर: कॉइल निरोगी आहे. पंखा आणि डॅम्पर बघा.

कॉइलवर बर्फ बेताचा, पण खालच्या पन्हळीत पारदर्शक लादी: पाणी जायची वाट बंद आहे. पन्हळीच्या मधोमध बोटाएवढं भोक असतं. मोठ्या सिरिंजने त्यात गरम पाणी सोडत राहा, उकळतं नको. पाणी खालच्या ट्रेमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबू नका. नळीचं खालचं रबरी टोकही काढून धुवा, गाळ तिथे अडकतो.

९. पंखा आणि डॅम्पर

प्लग काढलेला असतानाच पंख्याची पाती बोटाने फिरवा. एका टिचकीत दोन-तीन फेरे मारून थांबली पाहिजेत. जड फिरत असतील तर आतलं तेल सुकलंय किंवा ओल शिरलीय. अशा मोटरमध्ये तेल सोडून फार तर काही आठवडे मिळतात, बदललेलीच बरी. पाती मोकळी असूनही फिरत नसेल तर आधी दाराचं बटण आणि तारांची जोडणी. मोटर बदलताना जुन्या मोटरवरचा व्होल्टचा आकडा वाचा. काही थेट घरच्या विजेवर चालतात, काही १२ व्होल्टवर, आणि दिसायला दोन्ही सारख्याच.

डॅम्परपाशी टॉर्च मारा. झाकणाभोवती बर्फ असेल तर तो बहुधा मूळ रोग नाही, कॉइल तुंबल्याचा परिणाम आहे. बर्फ गेल्यावरही झाकण बंदच राहत असेल तर डॅम्पर बदला. नॉबला जोडलेलं झाकण असेल तर नॉब फिरवताना ते हलताना दिसलं पाहिजे. नुसता नॉबच फिरत असेल तर आतला दांडा तुटलाय.

१०. डीफ्रॉस्टची साखळी: हीटर, बायमेटल, फ्यूज, टायमर

मल्टीमीटर वापरता येत असेल आणि प्लग काढलेला असेल तरच पुढे या. खालची सगळी मोजमापं बंद फ्रीजवर, भागाच्या तारा मोकळ्या करून करायची आहेत. चालू विजेवर एकही नाही.

*हीटर.* कॉइलखाली काचेची नळी असते किंवा पट्ट्यांत गुंफलेली धातूची नळी. त्याचा अपेक्षित ओहमचा आकडा पाठ करायची गरज नाही: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर चालणारा १५० वॅटचा हीटर असेल तर सुमारे ३५० ओहम, २०० वॅटचा असेल तर सुमारे २६५. थोडाफार फरक चालतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. काचेची नळी आतून काळवंडलेली असेल तर मोजायच्या आधीच उत्तर मिळालं. नवी काचेची नळी उघड्या बोटांनी धरू नका. बोटांचा तेलकटपणा तापून काच तडकू शकते.

*बायमेटल.* कॉइलच्या नळीला चिमट्याने अडकवलेली, रुपयाच्या नाण्याएवढी गोल डबी. कॉइल गोठलेली असताना ही जोडलेली असते आणि हीटरला वीज देते. बर्फ संपून तापमान साधारण १० अंशांच्या आसपास गेलं की तुटते. त्यामुळे खोलीच्या तापमानाला ती तुटलेलीच दाखवणार. ते बघून «खराब आहे» म्हणत चांगलं बायमेटल फेकून देण्याची चूक फार जण करतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात १५ मिनिटं ठेवा, मग मोजा. नुसता बर्फ पुरत नाही, कारण बरीच बायमेटल शून्याच्या बऱ्याच खाली गेल्यावर जुळतात. गार असताना जुळलं, कोमट झाल्यावर तुटलं, तर ठीक. डबी फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर मोजू नका, बदला.

*थर्मल फ्यूज.* बायमेटलच्या शेजारी, बहुधा त्याच तारांच्या झुपक्यात. हा कायम जोडलेला असायला हवा. साधारण ७० अंशांच्या पुढे हीटर भरकटला तर हा उडतो आणि पुन्हा जुळत नाही. उडालेला सापडला तर नुसता फ्यूज बदलून थांबू नका. हीटर इतका तापला का, याचं उत्तर बहुधा अडकून बसलेल्या बायमेटलमध्ये असतं. दोन्ही एकत्र बदला. फ्यूजच्या जागी तार पिळून «डायरेक्ट» करणं हा सर्वांत वाईट जुगाड: मग हीटर आणि प्लास्टिक यांच्यामध्ये काहीच राहत नाही.

*टायमर.* नॉबच्या फ्रीजमध्ये मागे खाली किंवा आतल्या कंट्रोलच्या डब्यात चार टोकांची छोटी पेटी असते. तिच्यावरच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून घड्याळाच्या दिशेनेच हळूहळू फिरवा, «कट्» आवाज येईपर्यंत. उलटं फिरवलं तर आतली दातेरी चाकं तुटतात. हे फिरवतानाही प्लग काढलेलाच हवा. पेटी झाकून बसवल्यावर प्लग लावा. कॉम्प्रेसर सुरू न होता फ्रीज शांत राहिला आणि काही मिनिटांत फ्रीझरमधून बर्फ चुरचुरल्याचा, थेंब पडल्याचा आवाज आला, तर हीटर, बायमेटल आणि फ्यूज तिन्ही ठीक आहेत आणि दोषी टायमरच. तोच वेळेवर पुढे सरकत नव्हता. काही झालं तरी ४० मिनिटांत कॉम्प्रेसर आपणहून सुरू व्हायला हवा. नाही झाला तरी टायमरच गेलाय.

*सेन्सर.* डिजिटल मॉडेलमध्ये टायमर नसतो. त्याऐवजी कॉइलला चिकटवलेला सेन्सर बोर्डाला तापमान सांगतो. खोलीच्या साधारण २५ अंशांना मोजा, मग टोक बर्फाच्या पाण्यात बुडवून मोजा: ओहम जवळपास तिप्पट व्हायला हवेत. आकडा तसाच राहिला किंवा उड्या मारू लागला तर सेन्सर चुकीचं सांगतोय आणि बोर्ड डीफ्रॉस्ट अर्ध्यावर तोडतोय. सेन्सर, हीटर, फ्यूज सगळं बरोबर निघालं तर उरतो बोर्ड.

भाग बदलला, तरी दोन दिवसांत पुन्हा तेच?

जुना बर्फ पूर्ण न काढता नवा भाग बसवला की असं होतं. हिशेब साधा आहे. १ किलो बर्फ वितळवायला सुमारे ३३४ किलोज्यूल लागतात. १५० वॅटचा हीटर रोजचा अर्धा किलो बर्फ १८-१९ मिनिटांत संपवू शकतो, तेही सगळी उष्णता बर्फालाच मिळाली तर. साचलेल्या ३ किलोंना मात्र त्याला जवळजवळ दोन तास हवेत, आणि डीफ्रॉस्ट चालतो फार तर अर्धा तास. अर्धवट वितळलेल्या बर्फाचं पाणी खाली जाऊन पन्हळीत गोठतं, भोक बुजतं आणि नव्या हीटरलाच बर्फात गाडतं. म्हणून भाग बसवायच्या आधी कॉइल, पन्हळ आणि नळी तिन्ही पूर्ण मोकळी करा, कोरड्या कपड्याने टिपा, मगच पॅनेल लावा. पॅनेलमागचा थर्माकोल पाणी प्यायला असेल तर तोही वाळू द्या.

इथे थांबा, जाणकार माणूस बोलवा

कॉइलच्या टोकालाच बर्फ असेल किंवा अजिबात नसेल. फुस्स असा आवाज आला असेल किंवा नळीवर तेलकट डाग दिसत असेल. कॉम्प्रेसर दर दोन-तीन मिनिटांनी «टक्» करून बंद पडत असेल. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा जळका वास असेल. तेव्हा तर आधी मेन स्विच बंद. बोर्डावर चालू विजेत मोजायची वेळ आली असेल. यापुढे घरगुती हत्यारं कामाची नाहीत.

मागच्या लेबलवर गॅसचं नाव असतं. आर६००ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे ज्वालाग्राही. प्रमाण कमी असतं, अनेकदा शंभर ग्रॅमच्याही आत, पण गळतीचा संशय असेल तर खिडक्या उघडा, तिथे काडी ओढू नका, फ्रीजजवळचं कुठलंही बटण दाबू नका आणि हेअर ड्रायर तर लांबच ठेवा.

येणाऱ्या मेकॅनिकला तीन तारखा, दोन्ही तापमानं आणि कॉइलचा फोटो दाखवा. पॅनेल न उघडताच गॅस भरायचं म्हणाला तर आधी पॅनेल उघडायला सांगा. खरोखरच गॅसचं काम निघालं तर विचारा: गळती कुठे सापडली, ड्रायर फिल्टर (नळ्यांमधली ओल आणि कचरा अडवणारा भाग) बदलणार का, व्हॅक्यूम करणार का (म्हणजे नळ्यांमधली हवा उपसणार का), आणि गॅस लेबलवरच्या ग्रॅमप्रमाणे वजन करून भरणार का. गळती न शोधता भरलेला गॅस त्याच भोकातून पुन्हा जातो. डीफ्रॉस्टचा भाग बदलला असेल तर त्याच्यासमोरच एकदा डीफ्रॉस्ट चालवून घ्या; टायमर फिरवून, किंवा डिजिटल मॉडेल असेल तर त्याच्या सर्व्हिस मोडमधून. खालच्या ट्रेमध्ये पाणी पडू लागलं की मगच पॅनेलचा शेवटचा स्क्रू बसवू द्या.